तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, त्या बारा बोर्डांसाठी

काका, समोर भेटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता पूर्ण वाचावंच लागेल तुम्हाला.

त्या शुक्रवारी रबाळ्याहून बारा बीगलबोन ब्लॅक, म्हणजे ते तळहाताएवढे कॉम्प्युटर बोर्ड, बॅगेत घालून ठाण्याची गाडी पकडली तेव्हा खरं सांगते, रडायलाच आलं होतं. तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला सोमवारी त्यांचे लॉगर (नोंदी ठेवणारी यंत्रं) म्हणून लावायचे होते आणि मी दुपारी सगळ्यांचं यू-बूट, म्हणजे बोर्ड चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम, अपग्रेड करून बसले होते, एकावर आधी ट्राय न करता एकदम बाराच्या बारा. स्क्रिप्टने एकही एरर दिली नाही आणि रीबूट केल्यावर एकही बोर्ड उठला नाही. पॉवरचा दिवा चालू, बाकीचे चार निळे दिवे गप्प. जिन्यात तुम्ही नुसतं "चेहरा का असा" विचारलंत आणि मी तिथेच सगळं सांगत सुटले.

तुमचा पहिला प्रश्न अजून आठवतोय. "काय दिसतंय?" मी म्हटलं काहीच नाही. "काहीच नाही म्हणजे कशावर बघून काहीच नाही?" आणि तेव्हा लक्षात आलं की मी तासभर नुसतं पिंग करत होते, म्हणजे नेटवर्कवरून बोर्डाला हाक मारत होते, आणि नेटवर्क तर कर्नल (लिनक्सचा गाभा) वर आल्यावर येणार, त्याच्या आधी बोर्ड कुठे अडकलाय हे मी बघितलंच नव्हतं. तुम्ही वर जाऊन तो स्टीलचा डबा आणलात, त्यातली यूएसबी-सिरीयल केबल (बोर्ड उठताना काय छापतो ते लॅपटॉपवर दाखवणारी) काढलीत आणि लावायच्या आधी मल्टीमीटरने ३.३ व्होल्टच आहे ना ते तपासलंत, कारण बोर्डाचा सिरीयल पोर्ट ३.३ व्होल्टचा आहे. मग बोर्डावरच्या जे१ या पिनांच्या रांगेत पिन १ ला ग्राउंड, ४ आणि ५ ला आरएक्स-टीएक्स (येणारी-जाणारी वायर), वेग १,१५,२०० बॉड, आणि स्क्रीनवर दोन ओळी आल्या. यू-बूट एसपीएल (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा), मग ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी२, म्हणजे बोर्डावरच्या ईएमएमसी मेमरीतून उठायचा प्रयत्न. पुढे शांतता.

मी लगेच परत फ्लॅश करायला, म्हणजे मेमरीत नव्याने लिहायला, निघाले होते तर तुम्ही हात धरलात. म्हणालात, "थांब, ती शेवटची ओळ वाच, बोर्ड सांगतोय तुला." एसपीएल छापलं म्हणजे चिपमधल्या कायमच्या कोडला, रॉमला, एमएलओ (एसपीएलचीच फाईल) सापडलं, म्हणजे पहिला टप्पा धडधाकट आहे, घोळ पुढच्या मुख्य यू-बूटच्या फाईलमध्ये, यू-बूट.आयएमजी मध्ये. आणि मग माझी स्क्रिप्ट उघडून एका आकड्यावर बोट ठेवलंत, फाईल मेमरीत लिहिणाऱ्या डीडी या कमांडच्या ओळीत बीएस ३८४के, काउंट २, म्हणजे ३८४ केबीचे दोनच तुकडे लिही. म्हणजे ७६८ केबीच्या वर एक बाइट जाणार नाही. जुनी फाईल त्यात मावायची, नवी त्याहून मोठी, शेपूट कापली गेली. आणि त्या शेपटीतच डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर कुठे काय आहे त्याची यादी, असतो, तो नसेल तर यू-बूटला स्वतःचा सिरीयल पोर्टसुद्धा सापडत नाही, म्हणून तक्रारही न करता गप्प बसतं. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला. डीडीने गुपचूप तेवढंच लिहिलं आणि "झालं" म्हणून सांगितलं, मी त्यावर विश्वास ठेवला.

दुरुस्तीसाठी बोर्ड आधी एसडी कार्डवरून उठवायचा होता, त्याची गोष्ट पण तीच. मी कार्डवरून उठवणारं एस२ बटण दाबून रीसेट करत होते आणि बोर्ड परत ईएमएमसीवरूनच जात होता. तुम्ही म्हणालात ते बटण फक्त पॉवर येताना बघितलं जातं, रीसेटला नाही, वायरच काढ. वायर काढली, बटण दाबून धरलं, परत लावली, कार्डवरून उठला! मी किंचाळले तेव्हा आई आतून धावत आली होती.

नवा काउंट टाकायच्या आधीही तुम्ही एफडिस्क या कमांडने बघायला लावलंत की मेमरीतलं पहिलं पार्टिशन (फायली असतात तो भाग) कुठून सुरू होतं, आपल्याकडे सेक्टर ८१९२, म्हणजे ४ एमबीपासून, म्हणून जागा होती. नसती तर मोठी फाईल थेट पार्टिशनवर चढली असती, हे मला सुचलंही नसतं. मग "बॅड सीआरसी, युजिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट" आलं तेव्हा मी परत घाबरले, तर तुम्ही म्हणालात यात बोर्ड मेला नाहीये, सेव्ह केलेल्या सेटिंग्ज मिळाल्या नाहीत म्हणून घरच्याच वापरतोय.

रात्री दीडला बारावा बोर्ड उठला. तुमच्या चहाचा कप तसाच भरलेला होता. सोमवारी सगळे तुर्भ्याला लागले आणि चालू आहेत.

तेव्हा नीट थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं, ते आता म्हणते. काका, मनापासून थँक्यू. त्या स्क्रिप्टमधून मी काउंट काढूनच टाकलाय, आता ती आधी फाईलचा साइज आणि पार्टिशनची सुरुवात बघते, लिहून झाल्यावर तेवढेच बाइट परत वाचून सीएमपी या तुलना करणाऱ्या कमांडने ताडते, जुळलं नाही तर रीबूटच करत नाही. रविवारी केबल परत द्यायला येईन तेव्हा एकदा तुमच्या नजरेखालून घालायची आहे.