शेवटचा परिच्छेद कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी साडेसातला मी शेजारच्या काकांना वर्तमानपत्रातलं संपादकीय पान मोठ्याने वाचून दाखवते. काका 86 वर्षांचे आहेत. डोळ्यांतला पडदा मधोमध खराब झालाय, त्यामुळे कडेचं थोडं दिसतं, पण अक्षर दिसत नाही. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकून आम्ही बसतो. चार वर्षं हा नेम चाललाय. काकांची सगळी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात गेली. त्यामुळे लेखाचं पहिलं वाक्य कानावर पडलं की एकतर ते खुर्ची माझ्याकडे सरकवतात, नाहीतर म्हणतात, "पुढचा घे."

"पुढचा घे" हल्ली फार वेळा ऐकावं लागतं, म्हणून हे पत्र.

"आजच्या धकाधकीच्या जीवनात" या शब्दांनी उघडणारे लेख मी इतके वाचलेत की पुढची ओळ न बघता म्हणता येते. मुद्दा येतो तिसऱ्या परिच्छेदात. डोळ्यांनी वाचणारा सरळ तिथे जातो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. काकांना मधला एकेक शब्द ऐकावाच लागतो, आणि तेवढ्यात त्यांचं मन उठून जातं. मोठ्याने वाचायला लागले तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं.

गेल्या वर्षी मी स्वतः एक लेख लिहिला. विषय साधाच होता. आमच्या जवळच्या बसथांब्यावर बसायला काही नाही. माझं पहिलं वाक्य होतं, "ठाणे हे तलावांचं शहर म्हणून ओळखलं जातं." काकांनी मला तिथेच थांबवलं. "अगं, हे ठाण्यातल्या माणसाला कशाला सांगतेस? तो रोज तलावपाळीला फेरी मारून येतो. तू थांब्यावर काय बघितलंस ते सांग."

मी बघितलं होतं ते असं. एक आजी औषधांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. बस येईना, तेव्हा त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. पायरी जेमतेम वीतभर उंच. बस आली तेव्हा त्यांना उठताच येईना. एक हात जमिनीला, एक हात शटरला, आणि पिशवी दातांत धरलेली. मी रस्ता ओलांडून हात देईपर्यंत बस गेली. लेख मी त्या पायरीपासून सुरू केला. तलाव आपोआप गळले, त्यांची गरजच उरली नाही.

इतिहासाने सुरुवात करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. लोकलवरचे कितीतरी लेख 16 एप्रिल 1853 या तारखेने उघडतात. बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली, याचा आम्हाला अभिमान आहेच. पण नुसती तारीख देऊन लेख हलत नाही. त्या गाडीला 14 डबे होते आणि त्यांत सुमारे 400 पाहुणे बसले होते. आज सकाळच्या फास्टच्या दोन डब्यांत सहज तेवढी माणसं असतात. हे वाक्य त्या तारखेला जोडून लिहा, मग काका खुर्ची सरकवतील.

मराठीत याचे नमुने कमी नाहीत. जुलै 1897 मध्ये 'केसरी'त टिळकांनी 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं विचारलं, तेव्हा मथळ्यातच सगळी भूमिका आली. पण मला त्याहून जवळची वाटते ती डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'ची सुरुवात. 31 जानेवारी 1920 चा पहिला अंक. पहिल्या लेखाच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी या देशाला विषमतेचं माहेरघर म्हटलं. मी हे काकांना वाचून दाखवलं आणि 'माहेरघर' या शब्दाशी माझाच आवाज अडला. माहेर म्हणजे जिथे लाड होतात, हवं-नको विचारलं जातं. विषमतेचे इथे असे लाड होतात, हे एका घरगुती शब्दात सांगून झालं. आकडा नाही, मोठं विशेषण नाही. पुढे त्याच लेखात समाजाला मनोऱ्याची उपमा येते. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. तिथवर वाचक जातो तो त्या पहिल्या वाक्यामुळे. काकांनी त्या दिवशी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं.

आता शेवटाबद्दल, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. "गांभीर्याने विचार झाला पाहिजे", "ठोस पावले उचलली गेली पाहिजेत", "ही काळाची गरज आहे" अशा वाक्यांवर लेख संपतात. त्यावर काका दर वेळी विचारतात, "कोणी?" मी परत वाक्य बघते. कर्ता कुठेच नसतो. ज्याला काही करायचं आहे त्याचं नाव घेतलेलं नसतं, मग पान मिटल्यावर कोणाला काही करावंसं कसं वाटेल?

माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद चार ओळींचा होता. थांब्यावर चार माणसांचा बाक, गुडघ्याइतका उंच, दोन्ही टोकांना उठताना धरायला हात, आणि हे काम पालिकेच्या आमच्या प्रभाग समितीने पावसाळ्याआधी करावं. लेख एका वर्तमानपत्रात छापून आला, पण या चार ओळी वगळून. तो पायरीवरच्या आजींपाशीच संपला. ओळखीच्यांचे फोन आले, "डोळ्यांत पाणी आलं गं." मी ते कात्रण घेऊन एका कचेरीत गेले. तिथल्या माणसाने पूर्ण वाचलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "ताई, मग तुमची मागणी काय आहे?"

काकांना यात नवल वाटलं नाही. छापखान्यात मजकूर पानात बसला नाही की खालून ओळी उचलायची पद्धत होती. बातमीत ते चालायचं, कारण बातमी लिहिताना महत्त्वाचं आधी आणि तपशील मागे ठेवतात. लेखाचं तसं नसतं. त्यात वरचं सगळं शेवटच्या चार ओळींसाठी लिहिलेलं असतं. आता खिळे गेले, पानं संगणकावर लागतात, तरी कात्री खालूनच चालते.

म्हणून माझी विनंती आपल्याला आणि आपल्या पानावर काम करणाऱ्या उपसंपादकांना आहे. लेख लांबला तर मधून काढा. नाहीतर लेखकाला एक फोन करा आणि काय गाळू ते विचारा.

या पत्राला जागा कमी पडली तर रेल्वेचा परिच्छेद काढलात तरी चालेल. बाकाच्या ओळी मात्र राहू द्या. बाक अजून आलेला नाही.

आपली,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)