फॅटची चिठ्ठी मिळते, औषधाची का नाही?

संपादक महोदय,

आमच्या आर्वी-कारंजा भागात डेअरीवर दूध घातले की लगेच फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांची) चिठ्ठी हातात पडते. भाव त्यावरच ठरतो. दुधात प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिकचा) अंश आहे का, हे मात्र तिथे कुणी पाहत नाही.

म्हशीची कास सुजली, सडातून गाठी यायला लागल्या, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब भरतात. त्यानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, हे औषधावर छापलेले असते. ज्या औषधाचा असा काळ ठरलेला नाही, त्याला २०१२ पासूनच्या नियमाने दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. पण ज्याच्या कोठ्यात दोनच म्हशी, त्याने आठवडाभर दूध फेकायचे कसे? ढेपीचे (पेंडीचे) पैसे तर रोज द्यावेच लागतात. मग ते दूध कॅनमध्ये जाते आणि साऱ्या गावाच्या दुधात मिसळते. उकळून पेनिसिलिन पुरते जात नाही. अशा दुधाला रात्री विरजण लावले तर सकाळी ते पातळच राहते, कारण औषध दह्याच्या जिवाणूंनाही वाढू देत नाही. घरात मात्र दोष थंडीला दिला जातो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये हे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आकडा लहान वाटेल, पण ती पाहणी ५० हजारांवर लोकसंख्येच्या शहरांतली. आमच्या खेड्यांत घरोघर वाटले जाणारे दूध त्यात आलेच नाही.

यावर विद्युत-रासायनिक सेन्सरचा उपाय आहे. रक्तातली साखर तपासायच्या पट्टीसारखीच ही पट्टी. तिच्या इलेक्ट्रोडवर नेमक्या त्या औषधाला धरणारे प्रतिद्रव्य किंवा डीएनएचा छोटा तुकडा बसवतात; औषधाचा रेणू चिकटला की विजेचा प्रवाह बदलतो आणि यंत्र तो मोजते. पेनिसिलिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे अवघे ४ मायक्रोग्रॅम आहे, तरी प्रयोगशाळांत असे सेन्सर तिथवर पोहोचले आहेत. खरी अडचण दुधाचीच: त्यातले स्निग्धांश आणि प्रथिने इलेक्ट्रोडवर थर धरतात व आकडा चुकतो. म्हणून परदेशी गायीच्या दुधावर पारखलेले यंत्र इथे तसेच चालेल, असे धरू नये. नागपुरी म्हशीच्या दाट दुधावर ते तपासून घ्यायला हवे, आणि त्यासाठी नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ हीच योग्य जागा आहे.

शासनाने विद्यापीठाला हे काम द्यावे आणि निदान काही संकलन केंद्रांवर यंत्र ठेवून पाहावे. तपासणी दूध टाकीत पडण्याआधी व्हावी. अंश निघाला तर शेतकऱ्याला दंड लावू नये, नाहीतर उद्यापासून तो डेअरी सोडून थेट गिऱ्हाइकाकडे जाईल. त्या जनावराचे दूध बाजूला काढावे आणि तेवढ्या दिवसांचा काही भाव दूध संघाने द्यावा.

– एक दूध उत्पादक, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा