रविवारी 9 वाजता

नगर
शनिवार, 11 एप्रिल 2020

प्रिय अमोल,

सलाम.

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "आई, मोबाईलवर उपासना लावतो, पण मन लागत नाही. कॅमेरा बंद करून पडून राहतो." आणि लगेच विषय बदललास. माझ्या मनातून मात्र ते जाईना. फोनवर तू पुन्हा विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे. टपालाचा भरवसा नाही. बाबा फोटो काढून पाठवतील.

लॉकडाऊन 30 तारखेपर्यंत वाढला. 14 तारखेला तू घरी येशील म्हणून दिवस मोजत होते, तेही आता राहिलं. रूमवरची मुलं गावी गेली, तू एकटा उरलास. तुझ्यावर रागावले नाही रे मी.

मंडळी म्हणजे इमारत नव्हे, असं सध्या जो तो सांगतो. पटतं मला, तरी चर्चची आठवण येते ती येतेच. काल उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, 12 ते 3 आम्ही दोघांनीच घरात प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाचले. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा चौथा उद्गार वाचताना बाबांचा आवाज बसला. इतकी वर्षं ऐकतोय, पण प्रभू वधस्तंभावर किती एकटा होता, हे काल आमच्या दोघांच्या घरात कळलं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. लग्नाआधी माझी पहिली नेमणूक अकोले तालुक्यात, डोंगरातल्या शाळेवर झाली. गावात मी एकटीच ख्रिस्ती. लोक जिवाला जीव देणारे, कुणी दुखावलं नाही. पण रविवार आला की कपडे धुवायचे, वह्या तपासायच्या. प्रार्थना आज राहिली, उद्या राहिली, असं करत पावसाळा संपला. पवित्र शास्त्र ट्रंकेतच होतं. विश्वास उडाला वगैरे काही नव्हतं. नुसती सवय सुटली, आणि सुटली हेही कळलं नाही.

आजीला माझ्या पत्रांवरून ते कळलं असावं. ती काही बोलली नाही. दर आठवड्याला तिचं निळं अंतर्देशीय यायचं, त्यात घरची खुशाली आणि शेवटी एकच ओळ: आपल्या गीतपुस्तकातल्या, उपासना संगीतातल्या एका गीताचा क्रमांक, आणि "रविवारी 9 वाजता आम्ही हे म्हणू. तूही म्हण." पहिल्या रविवारी खिडकी लावून घेतली आणि हळूच म्हटलं. गळा धरला. पण 9 वाजता नगरात बाकावर आजी हेच कडवं म्हणते आहे, एवढ्यानेच खोली भरल्यासारखी झाली. ती बहुतेक वेळा नारायण वामन टिळकांची भजनं निवडायची. त्यांना पेटी लागत नाही. अभंगासारखी आहेत, मांडीवर ताल धरला तरी चालतं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तोवर एक रविवार चुकला नाही.

मोबाईलवर तू नुसता बघतोस, म्हणून मन लागत नसावं असं मला वाटतं. तू नसलास तर तिथे कुणाचं काही अडत नाही. मी म्हटलं नाही तर आजीचं अडायचं.

प्रभूच्या शिष्यांपैकी थोमाचं बघ. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य दारं बंद करून बसले होते, आणि हा एकटा बाहेर. प्रभू येऊन गेला. थोमाने विश्वास ठेवला नाही, तरी इतरांनी त्याला टाकलं नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यात बसलेला होता, दारं तशीच बंद होती, तेव्हा प्रभू पुन्हा आला. त्याला एकट्याला गाठून भेटणं प्रभूला अवघड नव्हतं. तरी तो भेटला तो सगळ्यांमध्ये. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तर उद्याचं, ईस्टरचं ऐक. पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाता येणार नाही, आजीच्या कबरीवर फुलं ठेवता येणार नाहीत. साडेपाचला मी फोन लावते, तू उचल. पुनरुत्थानाचा अध्याय तू वाचायचा, मी आणि बाबा ऐकू. अडखळलास तरी चालेल.

आणि 9 वाजता तुझ्या संडे स्कूलच्या बाईंना फोन कर. मुलगा परदेशात अडकलाय, त्या घरात एकट्याच आहेत. व्हिडिओ त्यांना जमत नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय, "अमोल तुमच्याबरोबर गीत म्हणणार आहे," तर सकाळपासून दोनदा विचारून झालं, नक्की ना? क्रमांक त्याच सांगतील. उजव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्याने बोल. त्या फार सावकाश गातात. तू पुढे पळू नकोस, त्यांचं कडवं संपू दे. नंतर प्रार्थना तू कर. दोन वाक्यांची केलीस तरी पुरे, पण त्यांचं आणि त्यांच्या मुलाचं नाव घे.

मागच्या वेळी दिलेल्या शेवया डब्यात आहेत. उद्या सण आहे, करून खा.

तुझी,
आई