प्रत्येक जुने नाणे शिवराई नसते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शेतात नाणे सापडले की ते शिवकालीन ठरते, बातमी छापून येते आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर त्याची किंमत लाखात जाते. म्हणून हे पत्र.

मध्यंतरी आमच्या परसात माडाला आळे करताना गड्याच्या कुदळीला एक नाणे लागले. हिरवट-काळे, जवळजवळ गुळगुळीत. शेजारी म्हणाले, "शिवरायांच्या वेळचा नाणा हा, लाख रुपये तरी गावतले!" शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असते, देवनागरीत. इथे तर माणसाचे डोके दिसत होते! एक जण चिंच-मीठ आणायला निघाला, त्याला थांबवले. चिंचेने घासले की मळाबरोबर उरलीसुरली अक्षरेही जातात.

टपाल खात्यात माझी हयात पुसट शिक्के वाचण्यात गेली. नाणे नुसत्या पाण्याने धुतले, बॅटरीचा उजेड आडवा टाकला, मग वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली. आधी मुकुट उमटला, त्याखाली ढाल, आणि ढालीत फुलीसारख्या मांडलेल्या पाच चिमुकल्या ढाली. हे पोर्तुगालचे राजचिन्ह. कडेच्या रोमन अक्षरांतले 'पाव टांगा' या अर्थाचे शब्द तेवढे धड लागले (टांगा म्हणजे पोर्तुगीज गोव्यातले नाणे), डोक्याच्या बाजूला 'कार्लोस'. सालातला शेवटचा आकडा मात्र सपाट झालेला. पहिल्या कार्लोसचे पाव टांगे १९०१ आणि १९०३ या सालांचे, तेव्हा हा त्यांपैकीच एक. (याच राजाला १९०८ मध्ये लिस्बनमध्ये भर रस्त्यात गोळ्या घातल्या.) रुपयाला सोळा टांगे, म्हणजे पाव टांगा आपल्या जुन्या पैशाच्या बरोबरीचा. बांद्याहून गोव्याची हद्द ती किती लांब? इथल्या मातीत तो निघाला यात नवल नाही. असली नाणी दुर्मिळही नाहीत. इतक्या झिजलेल्याला संग्राहक फारसे विचारत नाहीत.

लाखाची भाषा करणाऱ्यांना आणखी एक ठाऊक नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे: नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून छापा, वजन लिहा, आणि 'शिवकालीन' लिहिण्याआधी एखाद्या नाणेतज्ज्ञाला दाखवा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
बांदा, जि. सिंधुदुर्ग