ज्यूसर नको, मिक्सरच पुरे

पुणे

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही ज्यूसर पाठवण्याविषयी विचारलेत तेव्हा 'बघते' एवढेच म्हणून मी विषय थांबवला. कडोलीच्या मळ्यातली गाजरे काढणीला आली आहेत, शेजारी रोज सकाळी गाजर-बिटाचा रस निघतो आणि त्याने साखर ताब्यात राहील या आशेने तुम्हालाही तो सुरू करायचा आहे, हे मला समजते. तरीही मी ज्यूसर घेऊन देणार नाही, आणि त्याचे कारण नीट कळवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यूसरमध्ये एका बाजूने रस येतो, दुसऱ्या बाजूने चोथा पडतो आणि तो चोथा आपल्याकडे सरळ गोठ्यात म्हशीपुढे जाईल. १०० ग्रॅम गाजरात सुमारे २.८ ग्रॅम तंतू असतात. त्यांतला बहुतेक भाग त्या चोथ्यातच राहतो. मधुमेहाच्या माणसाला ज्याची विशेष गरज, तेच म्हशीला मिळेल. शिवाय एका पेल्याला चार-पाच गाजरे लागतात. तेवढी चावून खायला बसलात तर दोन-तीन गाजरांतच पोट भरल्यासारखे वाटेल, पण रस दोन घोटांत संपतो. फळांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे, अख्ख्या फळातली मात्र धरलेली नाही.

१९७७ साली ब्रिस्टल येथे १० निरोगी माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिले होते: अख्खे, वाटून आणि रस काढून. रसाने समाधान सर्वांत कमी झाले आणि तो प्यायल्यानंतर चढलेली साखर झपाट्याने खाली घसरली. वाटलेल्या गराने तीच घसरण कमी प्रमाणात झाली. म्हणजे मिक्सरही अख्ख्या फळाची जागा घेत नाही, तो मधला मार्ग आहे. बाबा, तुमचे दात शाबूत आहेत, तेव्हा तुम्ही गाजर, काकडी, पेरू चावूनच खावेत, असे मला मनापासून वाटते.

आई, मिक्सर खरा तुझ्यासाठी आहे. कवळी लागल्यापासून तू कोशिंबीर सोडलीस, याची मला फार काळजी वाटते. गाजर थोडे वाफवून, दह्याबरोबर मिक्सरला फिरव आणि वरून चमचाभर शेंगदाण्याचे कूट घाल. गाजरातले कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य, शरीरात नीट शोषले जाण्यास थोडा स्निग्धांश लागतो. पाते तंतू बारीक करते, पण ते पेल्यातून काढून टाकत नाही. मात्र गाळणी लावू नकोस, नाहीतर ज्यूसरच झाला. साखर किंवा मधही नको. पालकाच्या मोठ्या जुड्या रोज त्यात घालू नकोस. त्यातील ऑक्झलेट तुझ्या जुन्या मूतखड्याला बरे नाही.

दुधीच्या रसाविषयी मात्र मी आग्रहाने सांगते, आणि हे दोघांनाही आहे. दुधी कधी कधी कडू निघतो. त्या कडूपणामागे क्युकर्बिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते. कडू रस पिऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही याविषयी इशारा दिला आहे. एक लहान तुकडा चाखल्याशिवाय दुधी वापरू नका. कडू लागला की तो सरळ फेकून द्या, गोड फळ मिसळून कडूपणा लपवू नका आणि प्यायल्यावर उलट्या-जुलाब झाल्यास तत्काळ दवाखाना गाठा.

रसाला एक योग्य वेळ आहे, बाबा. साखर एकदम उतरून हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, तर तेव्हा अर्धा कप गोड फळांचा रस लगेच घ्या. तेथे तंतू नसण्याचाच उपयोग होतो.

मिक्सरचे नवे भांडे या आठवड्यात पाठवते. एक आठवडा अख्खे गाजर आणि एक आठवडा मिक्सरमधले खाऊन, दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहून ठेवा. गणपतीला आले की मी ती वही पाहीन.

तुमची लेक