मानमोडीच्या संशोधनात जंतांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या परभणी जिल्ह्यात गावरान कोंबड्यांना मर लागते. हिरवी हगवण, लुळे पंख, वाकडी मान आणि चार दिवसांत खुराडे रिकामे. गावात तिला मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत. या विषाणूवर औषध नाही, पण खात्रीची लस आहे. मग लस दिलेल्या कोंबड्याही का मरतात?

एक कारण उघड आहे. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, त्यात भारनियमन. शिवाय कुपी निदान शंभर मात्रांची. एकदा विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईने ती कशी आणावी?

दुसऱ्या कारणाची चर्चाच होत नाही, ते म्हणजे जंत. आपल्या कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात. विष्ठेतली गोलकृमींची अंडी तिथेच पोटात जातात. मुंग्या आणि शेणकिडे खाल्ले की पट्टकृमी. आतड्यात गोलकृमी असलेल्या कोंबड्यांमध्ये राणीखेतची लस दिल्यावर रोगाशी लढणारी प्रतिपिंडे कमी तयार होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे लस चांगली, देणाराही चांगला, तरी कोंबडी उघडीच राहते. माझ्या मते आपल्याकडच्या संशोधनाने पहिला हात इथे घालायला हवा. विषाणूवाले एका खोलीत आणि परजीवीवाले दुसऱ्या खोलीत, असे चालणार नाही, कारण कोंबडीच्या पोटात दोन्ही एकत्रच असतात.

जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, तेव्हा नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. ते योग्यच झाले. पण एरवी घरामागची कोंबडी मेली तर शवविच्छेदन कोणी करत नाही, ती नाल्यात फेकली जाते आणि रोग पुढच्या गल्लीत पोचतो.

परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी आसपासची काही गावे निवडून आधी जंतनाशक आणि मग लस, असा क्रम वर्षभर पाहावा. मेलेल्या कोंबड्या तपासून आकडे मराठीत जाहीर करावेत. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली, फ्रीजबाहेरही काही काळ टिकणारी 'आय-२' लस मोझांबिक, टांझानियातल्या खेड्यांत डोळ्यात एक थेंब टाकून दिली जाते. तशी उष्णता सोसणारी लस, लहान कुपीत, आमच्या बचत गटांना मिळेल का, हेही तपासावे. थेंब टाकायला 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेल्या बाया, गावातच आहेत.

कोंबडी विकून मुलांच्या वह्या आणि घरातली औषधे येतात. त्या बायांच्या वतीने पशुसंवर्धन विभागाकडे ही मागणी करतो. येत्या उन्हाळ्याआधी निदान एका तालुक्यात सुरुवात व्हावी.

– एक कुक्कुटपालक, जिंतूर (जि. परभणी)