तुझा तो वरचा बिट

लातूर, कार्तिक पौर्णिमा

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे, माझेही ठीक. दीड वर्ष तुला एक ओळ लिहिली नाही याची लाज वाटते. पण जे घडले ते तुझ्यावाचून कोणाला कळणार नाही.

आपला आडतीचा प्रोग्राम ऐन सोयाबीनच्या आवकेत बंद पडला. काका हिशोबपट्टी करायला बसलेले, समोर औशाचा शेतकरी उभा, आणि पडद्यावर 'आउट ऑफ मेमरी'. नवा कॉम्प्युटर 16 जीबी रॅमचा, त्यामुळे काकांचा विश्वासच बसेना. रॅम कितीही असो, 64 बिटी विंडोजवर जुने प्रोग्राम चालवणारा वॉव64 हा मधला थर आपल्या 32 बिटी प्रोग्रामला 2 जीबीच पत्ते देतो, आणि मी वीस वर्षांच्या खतावण्या एकदम मेमरीत चढवतो.

एडिटबिन या साधनाने एक्झीवर, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलवर, 'लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर'ची खूण केली की तोच थर पूर्ण 4 जीबी देतो. मी ती केली. चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या रात्री तुझा वरचा बिट आठवला आणि झोप उडाली. 64 एमबीच्या मशीनवर जागा वाचावी म्हणून 'उचल फिटली' ही नोंद तू पॉइंटरच्याच, म्हणजे खात्याच्या मेमरीतल्या पत्त्याच्याच, सर्वांत वरच्या बिटात ठेवली होतीस. 2003 साली वरचे 2 जीबी विंडोजकडे असल्याने आपल्या पत्त्यांत तो बिट कायम शून्य असे; खुणेनंतर मात्र वरच्या 2 जीबीतल्या पत्त्यांत तो एक असतो. तरीही मी भांडलो होतो, आणि तू गंजगोलाईपर्यंत एक शब्द न बोलता चालत गेला होतास.

विंडोज सहसा खालून वर जागा देत जाते, म्हणून चूक लपली होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदीत, 'अ‍ॅलोकेशन प्रेफरन्स' बदलून वरून खाली जागा द्यायला लावली, तेव्हा पहिल्याच खात्यावर 14,500 रुपयांची बाकी उचल फिटलेली दिसली आणि पुढच्या क्षणी प्रोग्राम कोसळला. एवढ्या वर्षांत आपल्या पट्टीत एका रुपयाची चूक निघाली नव्हती रे!

खूण काढून तूर्त तीनच वर्षे चढवतो आहे, पण काका जुनी खाती मागतात. बिट वापरलेल्या अकरा जागा मला सापडल्या; व्याजाची फाइल मात्र माझ्याकडे नाही, ती तुझ्या पुण्याच्या घरी असावी.

मुलीचा अकरावीचा प्रवेश झाला ना? वहिनींना नमस्कार. फाइल सापडताच रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा आडत बंद असते.

तुझाच,
माधव